दारात सात गाडे

माझा थोरला भाऊ नेमका कुठं गेला? धुरात, की भंगाराच्या ट्रकमध्ये?

त्याचं कापड शेताच्या कडेला जाळलं, ते मी पाहिलं. त्याचं लोखंड दुसऱ्या दिवशी भोंगा वाजवत आलेल्या ट्रकनं उचललं, तेही पाहिलं. पण भाऊ म्हणजे कापड की लोखंड? मी अंगणातल्या किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या भाजीच्या, मडक्यांना विचारलं. भिंतीला टेकलेल्या कुदळीला विचारलं.

मी एक गाडा बोलतोय. कारखान्यातून निघालो तेव्हा बाबागाडी होतो, छोट्या बाळांना फिरवायची. पण सोल्गोल गावात बाळंच उरली नाहीत, म्हणून इथं मला सगळे नुसतं गाडा म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही.

आम्ही दोघं एकाच दिवशी जन्मलो. तो माझ्या आधी अर्धा तास, म्हणून थोरला. त्याचं छत निळं, माझं लाल. एका घरच्या दोन चुलतभावांना एकाच वर्षी मुलं झाली, आणि त्यांनी जिंजू शहरातल्या एकाच दुकानातून आम्हाला उचललं. मुलं चालायला लागली तसे आम्ही दोघं मोटारीच्या डिकीत पडून गावाला आलो, आपापल्या आजीकडे.

त्या दोघी जावा. थोरली दकनाम, धाकटी फिल्सुन. पंचावन्न वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिल्या. आयुष्यभर लसूण लावून आणि भात लावून दोघींच्या पाठी वाकलेल्या. आमची दांडी हातात आली आणि दोघी पुन्हा चालू लागल्या. गाडा पुढे कलंडू नये म्हणून बाळाच्या जागी एकेक वीट ठेवली. बाळापेक्षा वीट बरी. ओलं करत नाही.

रोज सकाळी त्या चढावरच्या म्हाताऱ्यांच्या सभागृहात जायच्या. दारात सात गाडे ओळीनं उभे राहायचे, आणि माझी जागा भावाच्या शेजारी. आत सात जणी पत्ते कुटायच्या, एकमेकींना टोमणे मारायच्या आणि दुपारी एकत्र शिजवून जेवायच्या.

खालच्या रस्त्यावर आरोग्य उपकेंद्र आहे. तिथल्या नर्सबाई पेक सुक्यंग. चार गावं त्यांच्या एकटीच्या अंगावर. आठवड्यातून दोनदा त्या सभागृहात यायच्या, रक्तदाब बघायच्या, साखरेचा आजार असलेल्यांच्या पायांचं बोट न् बोट तपासून पावलं धुवायच्या, आणि व्यायामाला रबरी पट्ट्या ओढायला लावायच्या. इतर दिवशी त्यांची पांढरी मोटार नुसती खालून जायची. काच खाली करून त्या आमच्याकडे बघायच्या. लाल छत दिसलं, म्हणजे फिल्सुन आजी आल्या. निळं दिसलं, म्हणजे दकनाम आजी. एखादा गाडा दिसला नाही की मोटार त्या घराकडे वळायची. फार चांगली पद्धत. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

मग थंडीत दकनाम आजी झोपेतच गेल्या. मूठमाती झाली, आणि त्यांच्या मुलांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या वस्तू जाळल्या. कपडे, उशी, चपला. आणि माझ्या भावाचं निळं छत. मी भिंतीच्या या बाजूला उभा होतो. त्याला हाक मारायला मला तोंड नव्हतं. मला राग आला. अजून आहे.

फिल्सुन आजींनी त्या दिवसापासून माझ्या दांडीला हात लावला नाही. नर्सबाई पहिल्या आठवड्यात तीनदा येऊन गेल्या. आजी दरवेळी दारात बसून म्हणाल्या, "मला काय झालंय? बरी आहे. तुम्ही दुसरीकडे बघा."

आणि मग ते झालं, ज्याची मला आजही लाज वाटते.

हाम्यांग गावाहून लग्न होऊन आलेली एक आजी आहे. तिला सगळे हाम्यांगचीच म्हणतात. तिच्या गाड्याचं चाक निखळून दुरुस्तीला गेलं होतं. ती आमच्या अंगणात आली आणि बाहेरूनच ओरडली, "फिल्सुन, तुझा गाडा पडूनच आहे. नेऊ का गं?"

आतून आवाज आला, "ने."

तिनं दार सरकवलं नाही. दुःखाच्या घरात घुसू नये, माणसाला एकटं राहू द्यावं, असं सगळ्या गावानंच ठरवून टाकलं होतं. ती मला घेऊन गेली आणि ओळीत लावलं.

नर्सबाईंची मोटार खालून गेली. त्या आठवड्यात चारही गावांत तापाची साथ होती, थांबायला वेळ नव्हता. त्यांनी काच खाली केली. लाल छत दिसलं. हाम्यांगचीचा गाडा दुरुस्तीला आहे हे त्यांना माहीत होतं, आणि तिचा आवाज तर रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. नर्सबाई हसल्या. फिल्सुन आजी बाहेर पडल्या, असं त्यांना वाटलं. मोटार पुढे गेली.

एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मी तिथं उभा राहून रोज खोटं बोलत होतो.

पाचव्या दिवशी नर्सबाईंनी कोणाचं तरी औषध द्यायला चढाच्या पायथ्याशी मोटार थांबवली. माझा ब्रेक सैल होता. तो आपोआप सुटला की मीच सोडला, हे कोणी विचारलं तर मी सांगणार नाही. मी विटेसकट उतारावरून सुटलो आणि मोटारीच्या दारावर धाडकन आदळलो. माझं एक चाक वाकडं झालं.

"अगं बाई! फिल्सुन आजी!" नर्सबाई धावत वर आल्या. त्यांना वाटलं आजी कुठं तरी पडल्या.

हाम्यांगची दारात आली. "ओरडतेस कशाला? ती नाहीये. गाडा मी आणलाय."

"मग त्या कुठं आहेत?"

"घरी."

"तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

हाम्यांगची बोटांवर दिवस मोजू लागली. आतल्या बायकांनी पत्ते खाली ठेवले.

"आणि मी रोज गाडा बघून पुढे जात होते," नर्सबाई म्हणाल्या आणि पळाल्या. मागून हाम्यांगची निघाली, मला ढकलत, वाकडं चाक ओढत.

आजी थंडगार जमिनीवर पांघरुणात पडल्या होत्या. खोली तापवायचं यंत्र बंद. ओठ सुकलेले, जीभ कोरडी. भांड्यात चार दिवसांपूर्वीचा भात. नर्सबाईंनी आधी खोली तापवली. मग चमच्याचमच्यानं कोमट पाणी, मग शिरेत सलाईन, मग तांदळाची पातळ पेज. उभं करायला गेल्या तर आजींचे पाय थरथरले आणि दुमडले.

मुलाला फोन गेला. संग्गू उल्सान शहरात नोकरीला असतो. "आता पुरे, नर्सबाई," तो म्हणाला. "नव्या वर्षाच्या सणाला येतोय, तेव्हा आईला घेऊनच जातो. इथं म्हाताऱ्यांसाठी मोठं रुग्णालय आहे. पलंग सांगून ठेवतो."

मी आल्यापासून गावातल्या तिघी तसल्या रुग्णालयात गेल्या. परत एकही आली नाही. त्यांच्या गाड्यांचं काय झालं, ते तुम्हाला आता माहीत आहे.

"सणाला तीन आठवडे आहेत," नर्सबाई म्हणाल्या. "त्या दिवशी त्या स्वतःच्या पायांनी सभागृहापर्यंत गेल्या, तर त्यांना इथंच राहू द्याल?"

संग्गू म्हणाला, "गेली तर, बरं."

त्या दुपारी नर्सबाई कोमट पाण्यात आजींची पावलं चोळत बसल्या होत्या. मी ओसरीत होतो, दार उघडं होतं.

"आजी, रडू येतं का?"

"रडू कशाला येईल? राग येतो."

"कोणाचा?"

"तिच्या पोरांचा! सगळं जाळलं. मला एका शब्दानं विचारलं नाही. एक रुमाल तरी ठेवला असता मी. मी कोण होते तिची? कोणीच नाही?"

"अजून कोणाचा?"

"तिचाही. आधी मी जाणार, असं आमचं ठरलं होतं. थोरली म्हणून तिथंही पुढे घुसली!"

असं बोलू नये, असं नर्सबाई म्हणाल्या नाहीत. "अजून सांगा," एवढंच म्हणाल्या. आजींनी अर्धा तास शिव्या दिल्या, जावेला, तिच्या पोरांना, देवाला. माझ्या मनातलंही सगळं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. मग त्या खूप रडल्या. मग त्यांनी वाटीभर पेज खाल्ली.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी सभागृहात जाऊन सगळ्यांना झापलं. "दुःखात आहे म्हणून एकटं सोडायचं? रोज दुपारी जेवायला तिकडं जायचं. आवाज करायचा. पत्तेही न्यायचे."

तेव्हापासून दुपारी आमच्या अंगणात गाडे उभे राहू लागले. बायका मुळ्याची किमची आणि सोयाबीनचं गरम सूप घेऊन यायच्या. हाम्यांगची पहिल्या दिवशी खाली मान घालून आली. "मी दार उघडून बघायला हवं होतं."

फिल्सुन आजी म्हणाल्या, "गाड्याचं चाक वाकवलंस ते आधी सांग."

सगळ्या हसल्या. तेव्हा मला कळलं, ही बाई जगणार.

व्यायामासाठी मला आत घ्यायचं ठरलं. त्या घरात चपलाही आत जात नाहीत. नर्सबाईंनी ओल्या फडक्यानं माझी चारही चाकं पुसली. आजवर कोणी माझे पाय धुतले नव्हते. चाकांना दोन्ही बाजूंनी विटांची अडण लावली. आजी माझी दांडी धरून उभ्या राहायच्या आणि बसायच्या. आधी दोनदा, मग पाचदा, मग दहादा. टाचा उचलायच्या. पहिला आठवडा खोलीत, दुसरा अंगणात, तिसरा फाटकापर्यंत. एकदा तोल गेला. नर्सबाईंनी त्यांच्या कमरेला बांधलेला पट्टा पकडला, मी दांडी हलू दिली नाही.

"थकले गं," आजी म्हणाल्या.

"मग बसा. पाणी प्या आणि पुन्हा उठा."

"हेडमास्तर आहेस नुसती."

"शाळा सुटेपर्यंत आहे."

सण आला. संग्गू रिकामी बॅग घेऊन आला, आईचे कपडे भरायला. "आई, किती वाळलीस गं!"

"तू दोघांचं खातोस म्हणून," आजी म्हणाल्या आणि माझी दांडी धरली. "चल."

चढ मोठा नाही. तरुण माणूस तीन मिनिटांत जाईल. आम्ही पाऊण तास चाललो. संग्गू मागून दोन्ही हात पसरून येत होता, कोंबडी धरायला निघाल्यासारखा.

"हात खिशात घाला," नर्सबाई म्हणाल्या. "जवळ राहा. पण धरू नका."

पर्सिमनच्या फळझाडाखाली आजी थांबल्या. त्यांनी सगळा भार माझ्या दांडीवर टाकला. मला वाटलं, संपलं. माझं वाकडं चाक उताराकडे ओढत होतं. मी सगळा जीव लावून सरळ राहिलो.

वर बायका दारात जमल्या होत्या. हाम्यांगची ओरडली, "अगं ये की लवकर! सणाच्या सुपातल्या तांदळाच्या वड्या फुगून उशा झाल्या!"

"तू खाऊ नकोस, म्हणजे झालं!" आजी ओरडल्या. एवढा आवाज काढायला श्वास होता त्यांच्यात! संग्गूनं खिशातले हात काढून तोंडावर ठेवले.

आजी चालल्या. शेवटची दहा पावलं तर त्या मला जवळजवळ पळवत होत्या. पायरीशी पोचल्या, माझा ब्रेक लावला, दाराची चौकट धरली आणि एक पाय आत टाकला. मग दुसरा. बायकांनी असा गलका केला की पलीकडच्या गावातली कुत्री भुंकू लागली. नर्सबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

संग्गूनं तीन वाट्या सूप प्यायलं. मग बाहेर माझ्याजवळ येऊन फोन लावला. "तो पलंग दुसऱ्या कोणाला द्या," म्हणाला. "आमची आई येत नाही." मी ऐकलं. भावानंही ऐकलं असेल, तो धुरात असो की ट्रकमध्ये.

आता नर्सबाई काचेतून बघून जात नाहीत. रोज उतरतात, चढ चढतात आणि आत डोकावतात. सभागृहातही नवा नियम झालाय. कोणाचा गाडा न्यायचा असेल, तर आधी दार सरकवायचं आणि तोंड बघायचं.

आजींना हाताला ब्रेक असलेला नवा वॉकर मिळालाय, हिरवा. बरा आहे, मी भांडत नाही. संग्गू म्हणाला, "मग हा जुना भंगारात देऊ?" आजी म्हणाल्या, "मला विचारल्याशिवाय याला कोणी हात लावायचा नाही." तेव्हापासून मी ओसरीत आहे. माझ्या चाकांचा आस आता मोडलाय, मी चालणार नाही. तुम्हाला शिकवायला मी कोण? पण तुमच्या शेजारचं दार बरेच दिवस उघडलं नसेल, तर ते सरकवून बघा. शिव्या मिळाल्या तर खा, आणि जेवण घेऊन परत जा.

आस मोडला तो परवा. हाम्यांगचीला ताप आला होता. नव्या वॉकरवर पातेलं बसेना, म्हणून आजींनी माझ्यातली वीट काढली आणि तिथं पेजेचं पातेलं ठेवलं. वाट खडबडीत, चाक वाकडं, आस करकरत होता. आम्ही हळूहळू गेलो, तिच्या दाराशी पोचलो आणि मगच आस मोडला. आजींनी तिचं दार सरकवलं आणि म्हणाल्या, "मेलीस का गं? ऊठ, पेज आणलीय."

"सांडली असशील अर्धी," आतून आवाज आला.

आजींनी झाकण उघडलं. वाफ वर आली. एक थेंबही सांडला नव्हता.