पाणथळीची साफसफाई

आमच्या गावाला एक खोड आहे. कचेरीतून कुणी येणार म्हटलं की गाव आधी झाडू हातात घेतं. शाळा तपासायला येवोत नाहीतर पाण्याची टाकी बघायला, रस्ता लोटायचा, दगडांना चुना मारायचा आणि मगच साहेबाला तोंड दाखवायचं. त्या सकाळीही आम्ही तेच केलं. आमची अक्कल तेवढीच.

येणार होती निसर्ग-आराखड्याची माणसं. कुठली जागा जशीच्या तशी राखायची, कुठं पाखरं आणि झुडपं परत आणायची, याचा नकाशा ती करत होती. त्यात आपली पाणथळ यावी म्हणून माझ्या आत्याने वर्षभर कचेरीचे उंबरे झिजवले होते. नकाशात आली तर पाणथळ वाचणार होती. नाही आली तर गावच्या पुढाऱ्याने आखलेला चर तिच्या मधोमध जाणार आणि सगळं पाणी ओढ्याला लागणार.

वाटणीत भावांनी काळी जमीन घेतली आणि बहिणीच्या गळ्यात ही पाणथळ, म्हणजे गुडघाभर चिखल मारला. त्या भावांत माझा बापही होता. आत्याने तिथं नांगर घातला नाही की लव्हाळ्याला विळा लावू दिला नाही; चारा कापायला मला घेऊन ती दुसऱ्यांच्या बांधावर जायची. पंचवीस वर्षांत तिथं पाणकोंबड्यांनी संसार मांडले. लोक तिला चिखलाची मालकीण म्हणायचे. तीही हसायची, पण हसणाऱ्याला बांधावर उभं राहू द्यायची नाही.

त्या दिवशी ती कचेरीच्या गाडीला वाट दाखवायला उजाडताच फाट्यावर गेली. जाताना मला जागेकडे लक्ष द्यायला सांगून गेली. ती गेली आणि पुढारी आठ माणसं आणि विळे घेऊन हजर. म्हणाला, असलं रान बघून साहेब लोक नाकाला रुमाल लावतील आणि म्हातारीचं काम बिघडेल. त्याच्या पोटात काय होतं ते त्यालाच ठाऊक. माझ्या पोटात पाप नव्हतं. मला पटलं, आणि मीही विळा उचलला.

गाडी येईपर्यंत पाणथळ नुसती तळहातासारखी दिसत होती. कापलेल्या लव्हाळ्याचा ढीग बांधावर रचला होता. कडेच्या दगडांवरचा चुना अजून ओला होता. आत्या गाडीतून उतरली आणि जागच्या जागी थांबली. मला वाटलं, आता शिव्या देईल. ती ढिगाकडे गेली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी उपसू लागली. उठली तेव्हा ओंजळीत ठिपक्याठिपक्यांची तीन अंडी होती. एक फुटलेलं होतं.

"हे बघा," ती गाडीतून आलेल्या मोजणीवाल्या बाईला म्हणाली, "सकाळपर्यंत इथं होती."

बाई तरुण होती, वाईट नव्हती. तिचाही चेहरा पडला.

"आजी, घरटं जागेवर दिसलं तरच नोंद होते. हातातलं मला लिहिता येत नाही."

"मग परत कधी याल?"

"पाच वर्षांनी."

मग तिने फोटो काढले आणि जे दिसलं ते तक्त्यात भरलं. वनस्पती नाहीत. पक्षी नाहीत. खाली गावाच्या सहभागासाठी एक रकाना होता, त्यात मात्र उत्तम असं लिहिलं. पुढाऱ्याने ते सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि माणसांनी टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्यांची मला आजही लाज वाटते.

चर खोदणारं यंत्र पुढच्या आठवड्यात आलं. दुपारपर्यंत पाणी वाहून गेलं. आत्या बांधावर बसून बघत होती. मी जाऊन शेजारी बसलो. आठ दिवस मनात दाबून ठेवलेलं शेवटी बाहेर पडलं.

"आत्या, कापणाऱ्यांत मीही होतो."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

"माहीत आहे. बाकीच्यांनी वरवर ओरबाडलं होतं. जिथं बुडापासून साफ कापलंय, तिथं तुझा हात होता."

तिने ढिगातला एक लव्हाळा उचलला आणि त्याचं कापलेलं टोक बोटाने चाचपलं.

"तसं कापायला तुला मीच शिकवलं ना."