शाकारलेली गाडी

बाबांना आता दिवेआगरला एकटं ठेवायचं नाही, असं विवेकने ठरवून टाकलं होतं. विवेक माझा धाकटा भाऊ. पनवेलला बसून त्याला सगळं दिसतं. बाबा दोनदा गॅस चालू ठेवून वाडीत गेले, एवढं निमित्त त्याला पुरलं. त्यांचं डोकं खरंच चालेनासं झालं असेल तर मीच त्यांना पनवेलला आणून सोडीन, असं मी कबूल करून बसले होते.

म्हणून मी त्यांना किहीमला माझ्या ओळखीच्या बाळाजींकडे नेलं. बाबांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, पण जीव जुन्या गाड्यांवर. बाळाजींनी आपल्या वाडीत अशा दोन परदेशी गाड्या जपल्यात. गाड्यांच्या बाबतीत बाबा चुकले तर काही खरं नाही, असं माझं गणित.

हिरवी गाडी बघून बाबा खुलले. ही कूपे, बंद टपाची, म्हणाले. पुढच्या काचेवरून निघालेली रेघ टपावरून थेट शेपटीपर्यंत कशी न तुटता उतरते, ते त्यांनी हवेत बोटाने काढून दाखवलं. रोडस्टरचा डौल वेगळा: लांब नाक, आखूड पाठ, बुटकी दारं आणि डोक्यावर आभाळ. मी सुटले म्हणून मान डोलवत होते.

मग ते पांढऱ्या गाडीपाशी गेले. तिला चांगला पत्र्याचा, घट्ट बसलेला टप होता. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"ही उघडीच गाडी," ते म्हणाले. "पावसाळ्यासाठी शाकारलीय."

वादळात आमच्या घराची कौलं उडाली, तेव्हापासून मे महिना लागला की बाबांचं एकच पालुपद: पाऊस यायच्या आत छप्पर शाकारून घ्या. घर आणि गाडी त्यांच्या डोक्यात एक झाली होती. विवेकला काय सांगायचं, त्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले.

बाळाजी मात्र हसत पुढे आले. त्यांनी आतले खटके सोडले, एक बाजू मला धरायला लावली आणि अख्खा टप आम्ही दोघांनी उचलून गवतावर ठेवला. खाली रोडस्टर होती, बाबांनी सांगितली तश्शी.

"कूपे छपरासकट जन्माला येते," बाबा म्हणाले. "हिचा टप शेपटीपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्याची टोपी घातल्यासारखा बसला होता."

मला रडू आणि हसू एकदमच आलं. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत होते.

"विवेकला फोन कर," ते म्हणाले. "म्हणावं, परीक्षा झाली. म्हाताऱ्याला इतक्यात पनवेलला नेऊन शाकारायला नको."

मी तिथूनच फोन लावला. परतताना अलिबागला थांबून गॅसचा टायमर मात्र घेतला, आणि बाबांनी त्यावर कुरकुर केली नाही.