न हसणाऱ्यांची खोली

ठिणगीच्या गाण्यावर लोक खूश झाले की थुंकत. आज सांगून कुणाला पटायचं नाही, पण त्या काळी पंक रॉकवाल्यांची हीच रीत होती. मंचावर प्लास्टिकचे पेले येऊन आदळायचे, शिव्यांची लाखोली वाहिली जायची, आणि डोक्यावर हिरवा तुरा उभारलेली ठिणगी भरून पावायची. चुकून टाळ्या पडल्या, तर मात्र पडद्यामागे जाऊन रडायची.

पुढे घसा बसला तो बसलाच. तुराही विरळ झाला. थोरल्या बहिणीच्या घरी, बाहेरच्या खोलीत मुक्काम पडला. कुणीतरी शब्द टाकला, म्हणून टीव्हीवरच्या एका कौटुंबिक विनोदी मालिकेत लेखक म्हणून महिनाभराची संधी मिळाली. टिकली तर कायम, नाहीतर भावजींच्या फरशांच्या दुकानात.

"तिथे ओरडायला वाव नाही," भावजी म्हणाले, "पण बसायला खुर्ची आहे."

त्या दुकानाच्या नुसत्या विचाराने ठिणगीच्या अंगावर काटा यायचा.

लेखकांच्या खोलीत लांब टेबल होतं, गार झालेली कॉफी होती, हसू मात्र औषधालाही नव्हतं. कुणी विनोद वाचला की बाकीचे छताकडे बघत. आधीच ध्वनिमुद्रित केलेला हशा नंतर डबीतून ओतला जाई. फारच आवडलं, तर मुख्य लेखक मयताला आल्यासारख्या चेहऱ्याने म्हणायचे, "हं. विनोदी आहे." ही त्या खोलीतली सर्वांत मोठी दाद, पण ठिणगीला ते सांगणार कोण?

महिना संपताना तिने जीव ओतून लिहिलेला प्रसंग वाचला. सगळ्यांनी छताकडे बघितलं. मुख्य लेखकांनी चष्मा पुसला.

"हं. विनोदी आहे."

झालं! आपली खिल्ली उडवली, असं वाटून ठिणगीचं डोकं सटकलं. ती थेट टेबलावर चढली.

"विनोदी? अरे मढ्यांनो, मालिकेतला तो सासरा इतकी वर्षं त्याच सोफ्यावरून पडतोय! एकदाचा मोडू तरी द्या त्याला! तुमच्यापेक्षा तुमच्या त्या हशाच्या डबीला जास्त जीव आहे!"

बसलेला घसा फुटून पुन्हा वाजू लागला. दमल्यावर तिने डोळे मिटले आणि पेल्याची वाट पाहिली. पेला आला नाही. पेनांची कुरकुर तेवढी ऐकू आली.

"ते 'मढ्यांनो'च्या पुढचं जरा सावकाश सांगा," मुख्य लेखक म्हणाले. "आजीच्या तोंडी घालू."

"अहो, मी खरोखर चिडलेय!"

"म्हणून तर. तुमचा आधीचा प्रसंग ऐकूनच तुम्हाला कायम केलं होतं. हे वरकड."

तो भाग लागला तेव्हा घरचे सगळे टीव्हीसमोर बसले. पडद्यावरची आजी जेवणाच्या टेबलावर चढून ठिणगीच्याच शब्दांत घरादाराला झोडपू लागली. प्रत्येक वाक्यावर डबीतला हशा उसळला. भावजी तर हसून हसून ठसकले.

"अगं, ही म्हातारी म्हणजे अगदी तूच!"

ठिणगी कासावीस झाली. "भावजी, निदान ती उशी तरी फेका हो."

"हे बघ, हिचं सुरूच!" म्हणत भावजींनी कडकडून टाळ्या वाजवल्या. बहिणीनेही वाजवल्या.

ठिणगीला रडू फुटलं.

"आनंद झालाय गं तिला," बहीण म्हणाली, आणि दोघांनी आणखी जोरात वाजवल्या.