काचपेटीतला पंप

मी पंप. फुटबॉलमध्ये हवा भरायचा साधा हातपंप. सध्या रास अल खैमातल्या एका कॉलेजच्या लॉबीत, काचेच्या पेटीत असतो. जवळ येऊन कौतुक करू नका, माझं डोकं फिरलंय.

तेवीस वर्षांपूर्वी वसईच्या स्टॅनलीनं मला शारजाच्या एका दुकानातून आणलं. तो इथला स्टोअरकीपर. स्टोअरमध्ये खडू, बल्ब, झाडू आणि एक चपटा बॉल पडलेला. त्यानं माझी सुई जिभेवर ओली केली, दणादण दट्टे मारले आणि संध्याकाळी अकरा मुलं गोळा करून मैदानात उतरला. मैदान कसलं, नुसती वाळू! पहिल्या मॅचला नऊ गोल खाल्ले. सहाव्या वर्षी कॉलेजनं कप आणला.

शिट्टी स्टॅनलीची, डावपेच त्याचे, सुजलेल्या घोट्यांवर बर्फ धरणारे हातही त्याचेच. माझ्या चामडी वॉशरला खोबरेल लावायलाही तो विसरायचा नाही. पण व्हिसावर लिहिलेलं ‘स्टोअरकीपर’. कोच लिहायचं तर अटेस्टेड डिग्री लागते म्हणे! दर रिन्यूअलला तो विचारायचा. ऑफिसातून उत्तर यायचं, "नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला." आणि हा भला माणूस हसत परत यायचा. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

सात वर्षांपूर्वी हिरवं टर्फ आलं, विजेचा कॉम्प्रेसर आला, डिग्रीवाला कोच आला. मी खोक्यात गेलो.

गेल्या महिन्यात लॉबीत कॉलेजच्या फुटबॉलचा इतिहास लागला, तेव्हा मला आणि त्या पहिल्या बॉलला पेटीत मांडलं. भिंतीवर सगळे कॅप्टन, सगळे कप. कोचच्या रकान्यात मात्र पहिल्या सोळा वर्षांपुढे छापलंय, ‘नोंद उपलब्ध नाही’. पंपाची नोंद आहे आणि माणसाची नाही? लाज कशी वाटली नाही?

उद्घाटनाला पहिला कॅप्टन उझैर अबू धाबीहून आला होता. भिंत वाचून त्यानं ॲडमिनच्या देवदत्तला गाठलं.

"स्टॅनली सर का नाम किधर है?"

"रेकॉर्ड में वो स्टोअरकीपर हैं, भाई. मैं क्या करूँ?"

तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, बॉल चपटा दिसतोय. देवदत्तनं कोपऱ्यातल्या स्टॅनलीला हाक मारली. स्टॅनलीच्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा. देवदत्त त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, पण स्टोअरकीपरला अरे-तुरेच.

"स्टॅनली, यल्ला, चल लवकर, पंप काढ. हवा भर जरा."

स्टॅनलीनं पेटी उघडली, मला बाहेर काढून शर्टाला पुसलं आणि देवदत्तच्या हातात ठेवलं.

"घ्या सर. स्टोअरकीपरचं काम सामान द्यायचं, ते मी दिलं. हवा कोच भरतो. त्या वेळी कोच कोण होता ते रेकॉर्डमध्ये बघा आणि त्याला बोलवा."

या वेळी तो हसला नाही. उझैरच्या खांद्यावर हात टाकून सरळ बाहेर पडला.

देवदत्तनं खूप खटपट केली. सुई कोरडी होती, ती आत जाईना. शेवटी चपट्या बॉलचाच फोटो निघाला.

तो बॉल अजून तसाच माझ्या शेजारी पडलाय. कधी लॉबीत आलात तर काउंटरवर एवढंच विचारा, यात हवा कोण भरायचं? पुन्हा पुन्हा विचारा. भिंतीवर ते नाव लागेपर्यंत माझ्यातून फुंकभर हवा निघणार नाही.