बाजूच्या सीटवरचा ब्रेक

ब्रेकबाईंनी सव्वीस वर्षांत दोन हजारांवर माणसांना गाडी चालवायला शिकवली, आणि त्या सगळ्यांचं एका बाबतीत एकमत होतं: बाईंचं तोंड आणि बाईंचा उजवा पाय, दोन्ही सारखेच चपळ. शिकवणीच्या गाडीत बाजूच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचं लक्ष जरा इकडेतिकडे झालं की बाई तो दाबत, गाडी जागच्या जागी उभी करत, आणि मग आरसा, सिग्नल नि समोरच्याची अक्कल या तिन्ही गोष्टींचा समाचार घेत. खरं नाव सगळे कधीच विसरले होते. घरी येणारी पत्रंसुद्धा ब्रेकबाई याच नावाने येत.

बाईंचं वजन एकशे अठरा किलो. त्याची त्यांना फारशी लाज नव्हती. गाडी त्यांच्या बाजूला थोडी कललेली असे. परीक्षेच्या दिवशी त्या सीटवर किडकिडीत परीक्षक येऊन बसला की गाडी सरळ व्हायची आणि पोरं गोंधळून जायची. हा किस्सा बाई स्वतःच रंगवून सांगत. पण वजनाबरोबर मधुमेह आला, आणि मधुमेहाने गुपचूप उजव्या पायाला हात घातला. एकदा पायातली चप्पल निसटली आणि बाई दोन गल्ल्या तशाच चालत गेल्या. मागून कुणी हाक मारून सांगितलं तेव्हा कळलं.

आणि मग गेल्या महिन्यातली ती गोष्ट. बाबागाडी ढकलत एक आई रस्ता ओलांडत होती. बाईंनी ब्रेक दाबला. म्हणजे त्यांना वाटलं, दाबला. पाय ब्रेकशेजारच्या रबरी चटईवर होता. नशीब, शिकणाऱ्या कारकुनाने स्वतःच गाडी थांबवली आणि शाबासकीसाठी बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्याला शाबासकी दिली. ती गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. त्या दिवसापासून गाडीत बसल्या की पाय ब्रेकवर आहे ना, हे त्या डोळ्यांनी बघून घेत.

नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "साखर गोळ्यांना जुमानत नाही. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विचार करा. चांगला सर्जन तुम्हीच बघा."

बाईंचा नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. त्याने आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. एकेक सर्जन, त्याचं शिक्षण, आतापर्यंतची ऑपरेशनं, घरापासूनचं अंतर. पार्किंगची सोय असेल तर अर्धा गुण जास्त.

"अहो, सर्जन निवडताय की नवरदेव?" बाई म्हणाल्या.

"नवरदेव निवडताना तुझ्या वडिलांनी तक्ता केला असता तर मी लागलो असतो का?" तो पेन्सिलीला टोक काढत म्हणाला.

तक्त्यात पहिला आलेला सर्जन एका चकचकीत दवाखान्यात बसायचा. उंच, हसतमुख, केस जागच्या जागी. बाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला, जो त्या नव्या शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी विचारत.

"मध्येच थांबावं लागलं तर काय कराल?"

"थांबायची वेळच येत नाही हो. डोळे मिटून विश्वास ठेवा," तो म्हणाला.

नवरा खूश झाला. बाई मात्र बाहेर येऊन म्हणाल्या, "डोळे मिटा म्हणणाऱ्याच्या शेजारी मी कधी बसले नाही. तक्त्यातला दुसरा कोण?"

दुसऱ्या नंबरावर एक महिला सर्जन होती. चार दिवसांनी दोघं तिच्या दवाखान्यात गेली. बाहेरची खोली लहान, पण खुर्च्या रुंद आणि बिनहाताच्या. बाई कित्येक वर्षांनी दवाखान्यातल्या खुर्चीत न अडकता बसल्या. एवढ्यावरच त्यांचं अर्धं मत झालं होतं. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं, आणि आतली डॉक्टर ताडकन उभी राहिली.

"बाई! तुम्ही?"

ब्रेकबाईंनी चष्मा वर-खाली केला. समोर थांबू-का उभी होती.

अकरा वर्षांपूर्वी ही मुलगी त्यांच्याकडे शिकायला होती, आणि थांबू-का हे नाव बाईंनीच तिला ठेवलं होतं. चौक आला की "बाई, थांबू का?" गल्ली आली की "बाई, थांबू का?" एकदा तर मोकळ्या मैदानातही तिने विचारलं होतं. मागच्या गाड्यांचे भोंगे आणि बाईंचा "अगं, चल आता!" हे दोन्ही एकदमच सुरू व्हायचं. परीक्षेत चार वेळा नापास. बाईंनी तिच्यापुढे हात टेकले होते. ही मुलगी हातात सुरी घेऊन आपल्या पोटाशी उभी राहणार, या कल्पनेनेच त्यांची साखर वाढली असावी.

"मी… जरा पत्ता चुकले," बाई म्हणाल्या.

"पत्ता नाही चुकलीस, मी स्वतः तक्त्यात लिहिलाय," नवरा म्हणाला. काही माणसांना गप्प बसायची वेळ कधीच कळत नाही.

आता उठून जाणं बरं दिसलं नसतं. थांबू-काने कागद पाहिले, बरेच प्रश्न विचारले आणि बाईंना झोपवून पायमोजे काढायला लावले. नायलॉनचा एक बारीक तंतू तिने हातात घेतला.

"डोळे मिटा, बाई. पायाला हा लागला की हो म्हणा."

बाई डोळे मिटून पडून राहिल्या. जरा वेळाने कंटाळून म्हणाल्या, "अगं, सुरू कर की. इथेही थांबू का विचारणार आहेस?"

बाईंनी डोळे उघडले. नवरा त्यांच्या पायाकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता.

"दहा ठिकाणी लावून झाला, बाई," डॉक्टर हळूच म्हणाली. "आजपासून शिकवणीच्या गाडीत बसायचं नाही."

"माझं पोट तिच्यावर आहे."

"माहीत आहे. पण तो ब्रेक आता तुमच्या पायाला सापडेलच असं नाही. की एकदा सापडला नाहीच?"

शेवटी बाईंनी बाबागाडीची गोष्ट सांगून टाकली. सांगून झाल्यावर छातीवरचं ओझं थोडं उतरलं. नवऱ्याने त्यांचा पायमोजा उचलला आणि परत पायात चढवून दिला.

"ऑपरेशनने पाय पूर्वीसारखा होईल?" बाईंनी विचारलं.

"गेलेलं परत येईल असं वचन मी देणार नाही. साखर आटोक्यात आली तर पुढचं नुकसान थांबवता येईल. थोडं सुधारेलही कदाचित."

बाईंनी सवयीने आपला प्रश्न टाकला. "आणि मध्येच थांबावं लागलं तर?"

"थांबते. गेल्या वर्षी दोनदा थांबले. दुर्बीण आत घालून पाहिलं, यकृत इतकं सुजलेलं होतं की पुढे जाण्यात धोका होता. तसंच परत शिवलं. एकाच्या घरच्यांनी मला वाट्टेल ते सुनावलं. सहा महिन्यांनी त्याचंच ऑपरेशन नीट पार पडलं. यकृत आधी लहान व्हावं म्हणून तुम्हालाही डाएट लावणार आहे, बाई. कडक."

घरी येईपर्यंत बाई धुमसत होत्या. आपली गाडी बंद केली, तीही कुणी, तर थांबू-काने. "खोडा तिचं नाव," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तिची चालवण्याची तऱ्हा तुम्हाला माहीत नाही. थांबा, पुरावाच दाखवते."

बाईंच्या कामाची एक पद्धत होती. प्रत्येक शिकणाऱ्यासाठी वहीत एक पान. धडा संपला की त्या दिवशी आपल्याला कितीदा ब्रेक दाबावा लागला, तेवढ्या उभ्या रेघा त्या पानावर ओढायच्या. सव्वीस वर्षांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत होत्या. बाईंनी जमिनीवर बसकण मारली आणि अकरा वर्षांपूर्वीची वही शोधून काढली.

पहिल्या फटक्यात पास झालेल्या एका रुबाबदार विमा एजंटाचं पान रेघांनी काळं झालं होतं. पुढचं पान एका शाळामास्तरांचं, तेही तसंच. मग थांबू-काचं पान आलं. वर तारखा होत्या, एकूण बेचाळीस धडे. बाईंनी पान उलटून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

एकही रेघ नव्हती.

बेचाळीस धड्यांत त्यांना एकदाही ब्रेक दाबावा लागला नव्हता. त्यांच्या लक्षात राहिले होते ते भोंगे, आणि स्वतःचं ओरडणं. आपण या पोरीला किती बोललो, हे आठवून बाईंना खरोखर वाईट वाटलं. नवरा वाकून पान बघत होता.

"खोडू का?" त्याने पेन्सिल पुढे केली.

"मुकाट्याने पहिल्या नंबरावर घ्या तिला," बाई म्हणाल्या. "आणि मला हात द्या. उठवत नाहीये."

दोन महिने त्यांनी डाएट पाळलं आणि त्या काळात घरातल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. गाडीत बसायची बंदी होती म्हणून त्या एका वर्गात फळ्यावर चौक काढून शिकवू लागल्या. तिथे ब्रेक नव्हता, पण डस्टर होता, आणि त्यांचा नेम चांगला होता.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना टेबलावर घेतलं तेव्हा वरचा दिवा अजून लागलेला नव्हता. टोपी आणि मास्कमधून थांबू-काचे फक्त डोळे दिसत होते. तिने यादी मोठ्याने वाचली, नर्सकडून एकेक गोष्ट वदवून घेतली, एका उत्तरावर अडली आणि ते पुन्हा विचारलं. दुसरं कुणी असतं तर वैतागलं असतं. बाईंना फार बरं वाटलं.

"बाई, सुरू करू का?" तिने विचारलं.

"कर. गरज वाटली तर थांब."

"थांबेन, बाई."

भूलतज्ज्ञाने तोंडावर मास्क धरला. तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं, की दुसऱ्याच्या हाती गाडी देताना सव्वीस वर्षं आपण जसा ब्रेकवर धरायचो, तसाच उजवा पाय चादरीखाली ताठ धरून ठेवलाय. तळव्याला काहीच कळत नव्हतं, पण पोटरी दुखत होती. बाईंनी पाय सैल सोडला.