दाट विणीचा अंतरपाट

छत्तीस साली शहापूरच्या विणकर गल्लीतून मॅट्रिकला बसणारी मुलगी एकच, अक्काताईची अंजनी. आई कांड्यांवर सूत भरत होती, आप्पा मागावर होते आणि अंजनी इंग्रजी नाटकाच्या नावानं खडे फोडत होती.

"रानात झोपलेल्यांच्या डोळ्यांत फुलाचा रस घालत्यात. उठल्यावर पहिलं जो दिसंल त्याच्यावर जीव जडतो. रस भलत्याच्याच डोळ्यांत पडतो आणि सगळा घोळ हुतो. शेवटी बाकीच्यांचा उतरवत्यात, पर एकाचा तसाच ठेवून त्याचं लगीन लावत्यात. मास्तर विचारत्यात, हा शेवट सुखाचा कसा?"

अक्काताईला नाटक पहिल्या दमात कळलं. "उतरवला असता तर त्यो नांदला असता व्हय गं?"

"तुझ्या डोळ्यांत कुणी घातलेला?"

"मला कुठला रस? बघायला आलते तवा दाराआडनं बघितलं, तर उंच पोरगाच नवरा वाटलेला. त्यो निघाला ह्यांचा मावसभाऊ. अंतरपाट सरला तवा कळलं."

"त्याच्या आधी न्हाय कळलं?"

मागाचा आवाज थांबला होता. अक्काताईनं कांडीचं चाक फिरवलं.

"कसं कळंल? अंतरपाट तुझ्या आप्पांनीच विणलेला. त्यांची वीण लई दाट."