विरूपाक्ष सरांनी तळे पाहिले

“ज्याने तळे डोळ्यांनी पाहिले नाही, त्याने ते शिकवण्याचे पाप करू नये!” असे विरूपाक्ष सर भर वर्गात खडू वर धरून म्हणाले. वाक्य इतके भारदस्त होते, की मागच्या बाकावरच्या पोरांनीही ते वहीत उतरवले आणि परीक्षेला येईल म्हणून त्याभोवती चौकट काढली. सरांनी स्वतः आजवर पाहिलेले सर्वांत मोठे साचलेले पाणी म्हणजे क्लासच्या गच्चीवरची काळी टाकी. तीही बाहेरून.

सरांवर ही वेळ आणली ऋतुजाने. सर पाण्यातल्या वनस्पतीचे परागण शिकवत होते. व्हॅलिसनेरिया नावाचे पाणगवत. त्याची मादी फुले लांब देठावरून पाण्याच्या पृष्ठभागाशी येतात, नर फुले देठापासून सुटतात आणि तरंगत तरंगत तिच्याकडे जातात. पोरे खुदूखुदू हसली. दरवर्षी इथे हसतात, म्हणून सरही दरवर्षी इथे थांबत. तेवढ्यात पहिल्या बाकावरची ऋतुजा उठली.

“सर, नर फूल केवढं असतं?”

हा प्रश्न कुठल्याच गाइडात नव्हता. सर म्हणाले, “असतं की. चाफ्याएवढं.”

“तुम्ही पाहिलंय?”

त्यावर ते भारदस्त वाक्य आले. आणि त्या वाक्यावर ऋतुजा म्हणाली, “मग सोमवारी दाखवा ना, सर.” वर्गाने टाळ्या वाजवल्या.

बाहेरच्या माणसाला यात काय मोठे ते कळणार नाही. लातूरचे नाव दोनदा देशभर झाले. पहिल्यांदा भूकंपाने, तेव्हा माणसे घरांतून बाहेर पळाली. दुसऱ्यांदा बोर्डातल्या नंबरांनी. तेव्हा पार किनवट-उदगीरपासूनची पोरे ट्रंका घेऊन लातुरात आत पळाली. अशा गावात क्लासवाल्या सरांचे नाव म्हणजे दुधावरची साय. एक माशी पडली की सगळे पातेले मोरीत. ‘विरूपाक्ष सरांना फूल माहीत नाही’ एवढे एक वाक्य सोमवारी मेसमध्ये पोहोचले असते, मंगळवारी पालकांकडे, आणि जूनमध्ये पोरे समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या सरांकडे बसलेली दिसली असती. तेव्हा फूल आणणे भाग होते.

अडचण एकच. सरांना घाणीची भयंकर किळस. तीही साधीसुधी नाही, शिकलेली. लोकांना चिखलात चिखल दिसतो. सरांना त्यात जंत दिसत, लॅटिन नावांसकट. खडू धरला तरी ते हात धूत, आणि हात पुसल्यावर तो टॉवेल कुणी वापरला होता या विचाराने पुन्हा धूत.

सोबतीला त्यांनी जिलानीला घेतले. जिलानी बाइंडर, क्लासच्या नोट्स तोच शिवायचा. त्याची सासुरवाडी निलंग्याची, त्यामुळे वाटेतले चिंचखोरीचे तळे त्याने बघितलेले होते. बघितलेले म्हणजे सासऱ्याच्या घरी त्या तळ्यातला मासा खाल्लेला होता.

“येवढ्या लांब फूल बघायला, सर?” एम-एटी मोपेडला लाथ मारत जिलानी म्हणाला. “गंजगोलाईत हाराच्या दुकानावर काय कमी हाय का?”

“ते फूल पाण्यात असतं, जिलानीभाई.”

“मग पान्याच्या बादलीतच ठेवत्यात की तिथं.”

चिंचखोरीच्या काठाला भूकंपानंतर वसवलेले नवे गाव होते. सरळ रस्ते, एकसारखी घरे आणि प्रत्येक घरामागे पक्का संडास. कुणाच्या संडासात गोवऱ्या रचलेल्या, कुणाच्यात कडबा, एकात तर शिलाई मशीन. इतकी मजबूत खोली भलत्या कामाला वापरणे गावाला पटत नव्हते. ते भलते काम गाव तळ्याकाठच्या रानात करत असे. सुबाभूळ, निलगिरी, वेड्या बाभळी यांचे चांगले दाट रान होते. आडोसाही होता आणि पाणीही जवळ.

सरांनी रानात पहिले पाऊल टाकले आणि निसर्गाने तिथेच त्यांचे पाय धरले.

“बूट घासा, सर. पानाला पुसा,” जिलानी म्हणाला.

“कुठल्या पानाला?” सर रुमालाआडून म्हणाले. “एक तरी पान कोरं आहे का इथं?”

“मग हळू चला. नि खाली बघून चला. नि लई खाली बघू नका.”

माश्यांचा असा गजर चालला होता, की कुठेतरी मोटर चालू असावी. सर टाचांवर, मग चवड्यांवर, मग नुसत्या इराद्यावर चालू लागले. एका बाभळीशी वळण घेतले तर झुडपामागून आवाज आला.

“कोन हाय?”

सर दचकले. झुडपावर फक्त एक पटका दिसत होता.

“आम्ही... फिरायला आलोय,” सर म्हणाले.

“फिरायला? हितं?” पटका विचारात पडला. “हातात टमरेल न्हाई तुमच्या?”

“नाही.”

“म्हंजी सर्वेवाले हाव.”

यात त्या माणसाची चूक नव्हती. भूकंपानंतर वर्षानुवर्षे त्या मुलखात बूट घातलेली माणसे येत, भिंतींकडे बघत आणि भेगा लिहून नेत. रानात येणाऱ्या माणसाच्या हातात टमरेल असते. नसले तर तो सरकारी. तिसरी जात गावाला माहीत नव्हती.

“मी सर्वेवाला नाही हो,” सर म्हणाले.

“आसंच म्हनत्यात समदे. मी शेषेराव. शाळंच्या मागचं घर. पयल्या पावसात भेग पडली हाय, तेवढी बघा जाताना. उठून रामराम घातला आसता, पर सध्या बसलोय.”

“बसा, बसा,” जिलानी अदबीने म्हणाला. “सर, एक विचारून घ्या की, फूल कुठं हाय म्हणून.”

सरांनी नाक दाबूनच विचारले. काठाला तसले काही नाही, म्हशींनी सगळे तुडवले, असे शेषेराव म्हणाला. पण तळ्यात दोन बेटे आहेत; पाणी उतरल्यामुळे पायी जाता येते; पलीकडच्या बेटावर धोंडाबाई म्हशी घेऊन राहते, तिच्या बाजूला हिरवे काहीतरी आहे. एवढे सांगून त्याने बसल्या जागेवरून तळ्याच्या दिशेने हाळी दिली, “धोंडाबाईऽऽ, सर्वे आला गंऽऽ!”

पहिल्या बेटाकडे जाणारी वाट म्हणजे काल-परवापर्यंत पाण्याखाली असलेला चिखल. वरून तो भाकरीसारखा भाजलेला दिसत होता आणि आत पिठल्यासारखा होता. सरांचा डावा बूट आत राहिला. तो काढायला त्यांनी हात घातला, तर हाताला बूट लागला नाही, दुसरेच काही लागले, आणि ते हलले. सरांनी बुटाचा नाद सोडला.

दुरून बेट फार देखणे दिसत होते. जवळ गेल्यावर कळले, की ते निलंगा-लातूरच्या हौशी मंडळींचे पार्टीचे ठिकाण आहे. बाटल्या, हाडे, पत्रावळी, एक सुजलेले कुत्रे, आणि पाणी हटल्यामुळे उघड्या पडलेल्या मेलेल्या माशांची एक रांग. उन्हाने ते मासे नुसते सडले नव्हते, शिजले होते. जिलानीने घरून येताना माशांसाठी पिशवी आणली होती. त्याने ती घडी करून परत खिशात ठेवली.

“सासऱ्यानं हितलाच खिलवला व्हता काय की,” तो खिन्नपणे म्हणाला.

सर एका दगडाला धरून उभे राहिले आणि सकाळचे पोहे त्यांनी सृष्टीला परत केले. मग पुसायला रुमाल काढला, तो मघा कशाकशाला लागला होता ते आठवले, आणि राहिलेला चहाही परत केला.

“जाऊ या का माघारी, सर? आपुन सांगू, फूल सुकून गेलं.”

सरांच्या डोळ्यांपुढे ऋतुजा उभी राहिली. ती टाळ्या वाजवत नव्हती. बाकीचे वाजवत होते तेव्हाही ती नुसती बघत होती. सरांनी उजवा बूटही काढून फेकला. “चला पुढं,” ते म्हणाले.

दुसऱ्या बेटावर भूकंपाच्या वेळी मिळालेल्या पत्र्यांचा एक आडोसा होता, शेजारी जुन्या घराची एक भिंत उभी होती, आणि भिंतीपुढे धोंडाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. हाळी तिला पोचली होती.

“या सायेब. लई दिसांनी आठवन झाली सरकारला.”

“मावशी, मी सर्वेवाला नाही. क्लास घेतो. मला ते गवत—”

“आधी भेग बघा. मग गवत.” बाईने रस्ता अडवला. “पयल्या सर्वेला तळं भरलेलं व्हतं. सायेब काठावर हुबा ऱ्हाऊन म्हनला, तिकडं काय न्हाई. हितं मी व्हते, म्हशी व्हत्या, भेग व्हती. आन् तो म्हनतो काय न्हाई.”

“पण घर मिळालं ना तुम्हाला नव्या गावात?”

“पोराला मिळालं. मला घर नगं. माझा धनी भिंतीचा कारागीर व्हता. गाव म्हनतंय, ही भेग भूकंपाच्या आदीची, त्यानं माती नीट तुडवली न्हाई. मेल्या मानसाला बोल लावत्यात. तुमी बगा आन् सांगा, कशाची हाय.”

सरांनी भेगेत डोळा घातला. आतून एक पाल निघून त्यांच्या बाहीवर आली, तिथे थांबली, आणि तिलाही किळस आल्यासारखी परत गेली. भेगेत कोळ्याची जाळी होती, तंबाखूच्या पिचकाऱ्या होत्या, कुठल्याशा अळ्या होत्या. भूकंपशास्त्र मात्र नव्हते. पण चार पर्यायांतला एक ठणकावून सांगण्यात सरांचा जन्म गेला होता.

“भूकंपाची,” सर म्हणाले. “शंभर टक्के.”

“छातीवर हात ठिवून?”

सरांनी छातीवर हात ठेवला. शर्टाला चिखलाचा पंजा उमटला.

धोंडाबाई एकदम दुसरीच बाई झाली. “बोला आता, कंचं गवत?” सरांनी वर्णन केले: फितीसारखी लांब पाने, पाण्याखाली हलणारी. “आगं बाई, म्हशीच्या अंगाला चिकटतंय ते व्हय! ते काय तिथं.” तिने बोट केले तिथे म्हशी नुकत्याच डुंबून उठल्या होत्या आणि जाताना आपले काही मागे ठेवून गेल्या होत्या. पाण्याला रंग होता तो चहाचा नव्हता.

“सर, मी हितूनच हिंमत देतो,” जिलानी म्हणाला.

सर गुडघ्यापर्यंत उतरले. पोटरीला जळू चिकटली. तिचेही लॅटिन नाव त्यांना आठवले, आणि त्याने काही फरक पडत नाही हेही कळले. ते ओणवे झाले.

शेणाच्या तवंगापासून हातभर अंतरावर पाणी थोडे निवळले होते. खालून दोऱ्यासारखा एक देठ वर आला होता आणि त्याच्या टोकाशी पाण्याला किंचित खळगा पडला होता. त्या खळग्यात मादी फूल होते. आणि भोवताली पांढरे कण तरंगत होते, रव्याचे असावेत तसे. सरांनी आधी ती घाणच समजून फुंकर मारली. मग एक कण वाऱ्याने सरकला, खळग्याच्या काठाशी आला, कलंडला आणि अलगद आत उतरला.

सर हलले नाहीत. इतकी वर्षे त्यांनी हे शिकवले होते, आणि हे खरोखरच होत होते. चाफ्याएवढे नव्हते, रव्याएवढे होते. त्यांनी नाकावरचा हात कधी काढला ते त्यांना कळले नाही; श्वास नाकाने चालला होता, वास येत होता, आणि येऊ दे म्हणावे इतके ते बघण्यात गुंतले होते.

तेवढ्यात काठावरच्या म्हशीने शेपूट उचलले, आणि सर भानावर आले.

धोंडाबाईने शेणाची बादली विसळून दिली. दोन वेळा विसळली म्हणाली. गवत मुळांसकट, पाण्यासकट बादलीत भरून सर एम-एटीवर मागे बसले. प्रत्येक खड्ड्याला बादलीतला थोडा तलाव जिलानीच्या पाठीवर जात होता. “मासा न्हाई तर न्हाई, वास तरी मिळाला,” एवढे तो औशापाशी म्हणाला.

सोमवारी वर्ग गच्च भरला होता. बादली रात्रभर सरांच्या न्हाणीत होती आणि मार्चची रात्र उकाड्याची होती. गवत काळवंडले होते, पाण्यावर साय धरली होती. सरांनी बादली टेबलावर ठेवली.

“मी तुम्हाला चाफ्याएवढं सांगितलं होतं,” सर म्हणाले. “ते चूक होतं. ते रव्याच्या कणाएवढं असतं. मला माहीत नव्हतं. काल पाहिलं.”

आजवर लातुरात कुठल्या सरांनी फळ्यापुढे उभे राहून असे म्हटले नव्हते. मग सर सांगू लागले: तो देठ, तो खळगा, तो एक कण कसा आला, काठाशी कसा थबकला, कसा कलंडला. खडू हातात नव्हता, पर्याय नव्हते, महत्त्वाचे म्हणून अधोरेखित करायला काही नव्हते. रान सांगितले, बेटे सांगितली, बूट सांगितले. पोहे गाळले. एकेक बाक उठून बादलीत वाकून जात होता. कुणी हसले नाही, कुणी काही लिहिले नाही. सगळे श्वास रोखून ऐकत होते. शिकवणे म्हणजे हेच असणार, असे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटले.

ते थांबले तेव्हा पहिल्या बाकावर ऋतुजा उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

“सर, एक विचारू?”

“विचार, बाळ,” सर म्हणाले. “काहीही विचार.”

ऋतुजाने नाकावरची ओढणी बोलण्यापुरती बाजूला केली.

“ती बादली बाहेर ठेवता का?”